बँकॉक: आईबाबांना झेपेल असा क्रम सुचवा (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी, डिसेंबरात आईबाबांना घेऊन बँकॉकला चाललोय. मॉल आणि सफारी पार्क नकोत, जुनं शहर नीट बघायचंय. आईचे गुडघे दुखतात, तेव्हा क्रम कसा लावावा?

ग्रँड पॅलेस (१७८२ पासूनचा) आणि आतलं पाचूच्या बुद्धाचं मंदिर सकाळी उघडताच गाठायचं, हे पक्कं. तिथून वाट फो (‘वाट’ म्हणजे थाई भाषेत मंदिर) जवळच. ४६ मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध आणि त्याच्या तळपायांवरची शिंपल्यांची १०८ शुभचिन्हं बाबांना बघायचीच आहेत. पण हे दोन्ही एकाच सकाळी उरकतं का, की ऊन आणि गर्दी जीव काढते? ता तियेन धक्क्यावरून होडीने वाट अरुणला जाता येतं, पण तिथल्या पायऱ्या फार उभ्या आहेत म्हणे. न चढता, खालूनच बघण्यात मजा आहे का?

माझा खरा जीव अडकलाय तो देवस्थान या १७८४ च्या ब्राह्मण मंदिरात. शिव, गणपती आणि विष्णू यांची वेगवेगळी देवळं, तीही थाई राजपुरोहितांची! उंच लाल झोपाळ्याच्या खांबांजवळच आहे ते. आतून दर्शन कधी मिळतं? कोणी गेलंय का?

राष्ट्रीय संग्रहालय सोमवार-मंगळवार बंद असतं, म्हणून ते बुधवारी ठेवलंय. राजवाड्यात खांदे-गुडघे झाकलेले लागतात. साडी चालेल ना? आणि त्या भागात माशाचा सॉस न घालता जेवण देणारं ठिकाण माहीत असेल तर प्लीज सांगा.