जात एकच, फरक पिल्लांत दिसतो
"गावडुक्कर आणि रानडुक्कर वेगळ्या जाती, त्यांचा संकर होत नाही" असं वर कुणी म्हटलंय, ते पटलं नाही. जात एकच, शास्त्रीय नाव सुस स्क्रोफा. साधारण ९००० वर्षांपूर्वी पूर्व तुर्कस्तानात आणि चीनमध्ये माणसाने रानडुकरं स्वतंत्रपणे माणसाळवली. खरी गंमत पुढे आहे. तुर्कस्तानाकडची डुकरं शेतकऱ्यांबरोबर युरोपात पोचली आणि तिथल्या रानडुकरांशी त्यांचा इतका संकर झाला की आजच्या युरोपीय पाळीव डुकरांत तो मूळ वंश जेमतेम उरलाय. पश्चिम युरोपातल्या रानडुकरांत गुणसूत्रं ३६, पाळीवात ३८. संकराची पिल्लं ३७ घेऊन जन्मतात आणि पुढे त्यांनाही बिनदिक्कत पिल्लं होतात!

ओळखायचं तर पिल्लू बघा. आमच्याकडे कोकणात पहाटे रताळ्याचा वाफा नांगरल्यासारखा उकरलेला असतो, आणि नशीब असेल (की नसेल?) तर बांधापलीकडे डुकरिणीमागून पिल्लांची रांग दिसते. तपकिरी अंगावर फिकट लांब पट्टे, थेट पडवळासारखे. काही महिन्यांत ते जातात. गावडुकराच्या पिल्लांना सहसा पट्टे नसतातच. सुळ्यांवरून मात्र फसाल, मोकाट वाढलेल्या गावठी नराचेही चांगले लांब होतात.