मानेत भाला घेऊन उडणारा करकोचा, खरंय का हे?

शंकासुर:
एक फोटो फिरतोय बघा, पेंढा भरलेला करकोचा आणि मानेतून आरपार लाकडी भाला. खाली लिहिलंय की हा असाच आफ्रिकेतून युरोपात उडत आला. मला तर फोटोशॉप वाटतंय, मानेत एवढं लाकूड अडकल्यावर कोण उडेल?

चिकित्सक:
फोटोशॉप नाही, खरंय. 1822 मध्ये जर्मनीत क्ल्युत्झजवळ त्याला मारलं (भाल्यातून वाचला आणि घरी येऊन मेला बिचारा). भाला साधारण 80 सेंमी, लाकूड मध्य आफ्रिकेतलं. आजही रोस्टॉक विद्यापीठात ठेवलाय. जर्मनमध्ये नावच पडलं, फाइलश्टोर्ख, म्हणजे बाण-करकोचा, कारण नंतर असे अजून सापडले. पण खरी गंमत भाल्याची नाहीये, तोवर थंडीत पक्षी जातात कुठे यावरच वाद चालू होते आणि पुरावा स्वतःच उडत आला!

भटकभवानी:
वाद म्हणजे काय वाद! अ‍ॅरिस्टॉटल म्हणायचा थिरथिरा नावाचा पक्षी हिवाळ्यात रॉबिन, म्हणजे दुसराच पक्षी, बनतो. म्हणजे एक गायब झाला की दुसरा दिसायला लागतो ना, मग तोच असणार 😄 तसा येडा नव्हता हां तो, क्रौंच नाईलच्या उगमाकडे जातात हे त्यानेच लिहून ठेवलंय. पण ओलाउस माग्नुस या स्वीडिश लेखकाच्या 1555 च्या पुस्तकात चक्क चित्र आहे, कोळी जाळं ओढतायत आणि त्यात माशांबरोबर पाकोळी पक्षी! तळ्याच्या तळाशी झोपतात म्हणे. 17 व्या शतकात चार्ल्स मॉर्टन नावाचा इंग्रज पाद्री तर म्हणाला पक्षी चंद्रावर जातात, प्रवास 60 दिवसांचा.

मीठमिरची:
बार्नेकल गूज राहिला की. हा पक्षी अंडी घालतो आर्क्टिकमध्ये, त्यामुळे तेव्हा युरोपात कुणी घरटं पाहिलेलंच नव्हतं, मग ठरवून टाकलं की समुद्रात लाकडांना चिकटलेल्या शिंपल्यांतून हा जन्मतो. आणि त्यातून सोय अशी झाली की हा तर मासाच, मग ख्रिस्ती उपवासाला चालतो (त्यात मांस वर्ज्य, मासा चालतो) 😂 सम्राट फ्रेडरिक दुसरा याने ते शिंपले मागवून तपासले, आत पिसाबिसाचा पत्ता नाही. 13 व्या शतकात!

चिकित्सक:
हसताय, पण खरं उत्तर तरी कुठे पटण्यासारखंय. 2022 मध्ये ट्रॅकर लावलेला एक गॉडविट (किनाऱ्यावरचा लांब चोचीचा पक्षी) अलास्काहून टास्मानियाला गेला, 13,560 किमी, 11 दिवस, मध्ये कुठे टेकला नाही. वय पाच महिने.

शंकासुर:
पाच महिने?? जाऊदे, मला चंद्रवालाच पटतोय.