मदत हवी: बियर टेस्टिंगच्या परीक्षेत १५ मिनिटं पुरत नाहीत, दोष ओळखू येत नाहीत

टिळकवाडी_मग
परीक्षा जवळ आली. एकेका बियरचं वर्णन आणि गुण लिहायची शीट वेळेत भरून होत नाही, आणि सगळे म्हणतात तो बटरचा वास मला येतच नाही. दोषांचं किट (बियरमध्ये मिसळून दोष ओळखायच्या कॅप्सूल) बेळगावात मिळत नाही. घरी काय मिसळून सराव करायचा तेवढं सांगा. लवकर सांगा, आजपासून सुरू करायचं आहे.

खानापूर_हॉप
कुठली परीक्षा? दिवस किती? ऑनलाइन झाली का? मिसळायला बियर कुठली वापरूलालास? हे न सांगता प्रमाण कसं सांगायचं?

निपाणी_७२
सिसरोनची (बियर जाणकारांची दुसरी प्रमाणपत्र परीक्षा) पहिली पायरी सोपी आहे. ६० प्रश्न, ३० मिनिटं, ७५ टक्क्यांना पास. आधी ती देऊन टाक.

टिळकवाडी_मग
सिसरोन नको. सहा बियर, ९० मिनिटं म्हणजे बीजेसीपीच की, बियर स्पर्धांच्या परीक्षकांची. ऑनलाइन १८० प्रश्नांची झाली, म्हणून वर्षाच्या आत टेस्टिंग द्यायची आहे. २३ दिवस राहिलेत, बंगळूरला आहे. बियर साधी लागर, ६५० मिलीची.

खानापूर_हॉप
मग ऐक. बाटली ताजी आणि तपकिरी काचेची घे. अर्धी एका जगमध्ये ओत, अर्धी दुसऱ्या. एकात मिसळायचं, दुसरी तशीच ठेवायची. साध्या बियरशी ताडून बघितल्याशिवाय दोष डोक्यात बसत नाही.

अर्ध्या बाटलीला: बेकरीचा बटर इसेन्स ४ थेंब. केळ्याचा इसेन्स ६ थेंब. व्हिनेगर पाऊण चहाचा चमचा. अल्कोहोलचा झोंब कळायला व्होडका ३ चमचे. लवंगेसाठी ८ लवंगा ९० मिली बियरमध्ये भिजवायच्या, गाळून त्यातले ४ चमचे. डीएमएस म्हणजे मक्याचा वास, त्यासाठी डब्यातल्या स्वीटकॉर्नचं पाणी, एका चमच्यापासून सुरू करून वाढवत जा. उन्हाचा दोष फुकट मिळतो: हिरव्या बाटलीतली बियर गच्चीवर उन्हात ठेव, संध्याकाळी थंड करून हुंग. तपकिरी बाटली ठेवशील तर फारसं काही कळणार नाही, ती काच तो प्रकाश अडवते.

वडगाव_ब्रू
अण्णा, हे अर्धवट आहे. बटर इसेन्समध्ये बऱ्याचदा व्हॅनिला असतो, पोरगं व्हॅनिला पाठ करून जाईल. लवंगेत युजेनॉल असतं. गव्हाच्या जर्मन बियरमध्ये यीस्टमुळे येतं ते ४-व्हिनाइल ग्वायाकॉल. वास जवळचा आहे, खरं एकच नाही. किट मागवा, कॅप्सूल फोडून पाकिटावरच्या प्रमाणात घाला.

खानापूर_हॉप
बाहेरून किट मागवलं तर २३ दिवसांत हातात पडेल याची खात्री कोण देणार? इसेन्सची चिठ्ठी वाचून घ्यायची, व्हॅनिला लिहिला असेल तर दुसरी बाटली. परीक्षेत रसायनाचं नाव कोण विचारतंय? लवंग असं लिहिलं की पुरे.

निपाणी_७२
डायसिटिल, म्हणजे तो बटरचा वास, घालवायचं असेल तर फर्मेंटेशन संपत आलं की लागर १८ ते २० अंशांवर दोन-तीन दिवस ठेवायची. यीस्टच ते परत शोषून घेतं. आधीच गार केली की राहून जातं.

टिळकवाडी_मग
मी बियर करत नाही. मला वास येत नाही, तो प्रश्न आहे.

वडगाव_ब्रू
निपाणीकरांचं वाक्य लिहून ठेवा, शीटवर बियर करणाऱ्याला द्यायच्या फीडबॅकमध्ये लागेल. "डायसिटिल आहे" एवढ्यावर मार्क मिळत नाहीत, का आलं आणि पुढच्या वेळी काय करावं ते हवं. तसंच डीएमएसला: झाकण न ठेवता जोरात उकळा, मग पटकन गार करा.

वास येत नसेल तर ग्लास थंडगार आहे का बघा. तळहातांनी धरून गरम करा, वर हात झाकून गोल फिरवा, हात काढताच छोटे-छोटे श्वास घ्या. काहींच्या नाकाला डायसिटिल कमीच जाणवतं. त्यांनी जीभ वापरावी: घोट गिळल्यावर जिभेवर तुपाचा हात फिरल्यासारखं बुळबुळीत राहतं. मित्राला तीन ग्लास भरायला सांगा, दोन साधे, एक मिसळलेला. वेगळा कुठला ते ओळखा. दहापैकी आठ वेळा बरोबर आलं की थेंब निम्मे करा.

शहापूर_पेठ
दोष ओळखणं हा एक भाग झाला. वेळ कुठे जातो? भरलेल्या शीटमधला अरोमाचा (वासाचा) मजकूर जसाच्या तसा इथे टाक.

टिळकवाडी_मग
अमेरिकन आयपीए: "हॉपचा मस्त वास. माल्टही आहे. दोष नाही. ८/१२." हे लिहायलाच पाच मिनिटं गेली.

शहापूर_पेठ
मार्क इथेच जाताहेत. तपासणीचे पाच भाग आहेत, प्रत्येकी २० टक्के: काय जाणवलं, वर्णन, फीडबॅक, पूर्णता, आणि तुझे गुण प्रॉक्टरांच्या (त्याच बियर तपासणारे अनुभवी परीक्षक) गुणांच्या किती जवळ आले. "मस्त" शब्दाने वर्णन होत नाही. हॉप (कडूपणा आणि वास देणारी फुलं), माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य), एस्टर (फळांसारखा वास), प्रत्येक गोष्टीला किती आणि कशासारखं, दोन्ही हवं. असं लिही:

"हॉप मध्यम-तीव्र, आधी मोसंबीची साल, मागून पिकला आंबा, थोडी राळ. माल्ट मंद, पावाच्या कडेसारखा. एस्टर अगदी मंद. डायसिटिल नाही, मक्याचा वास नाही, अल्कोहोलचा झोंब नाही."

नाही ते "नाही" म्हणून लिहिलं की पूर्णतेचे मार्क मिळतात. माऊथफीलला (तोंडात बियर कशी लागते) कडू आणि तुरट यांची गल्लत करू नकोस. कडू ही चव आहे, तुरट म्हणजे जांभूळ खाल्ल्यावर हिरड्या ओढल्या जातात तसं. बिनदुधाचा चहा खूप उकळून दोन चमचे बियरमध्ये घाल, फरक कळेल.

वेळ: ग्लास आला की आधी हुंग, फेस बसण्याआधी. अरोमा ३ मिनिटं, दिसणं १, चव ५, माऊथफील २, एकूण मत ३, शेवटचं १ मिनिट बेरजेला. गुण याच क्रमाने १२, ३, २०, ५, १० मिळून ५०. बेरीज चुकली तर एवढं लिहूनही गुणांचे मार्क जातात. ३० ते ३७ म्हणजे व्हेरी गुड, १३ च्या खाली उतरू नकोस.

चोर्ला_रोड
गोव्यातून चार प्रकारच्या क्राफ्ट बियर आणा. चोर्ल्यातून जवळ पडतं.

वडगाव_ब्रू
कणकुंबीच्या नाक्यावर गाडी तपासतात. अबकारीचा नियम विचारल्याशिवाय आणू नका. त्यापेक्षा पुण्याला किंवा बंगळूरला मायक्रोब्रुअरीत टेस्टरचे छोटे ग्लास मागा आणि प्रत्येकाची शीट भरा.

चोर्ला_रोड
पावसाळ्यात चोर्ला नकोच, आंबोलीतून या.

खानापूर_हॉप
रस्ता राहू दे. रात्रीच्या राणी चन्नम्मा एक्सप्रेसनं जाणार असलास तर एसीचा डबा घेऊ नकोस, नाक कोरडं पडतं. परीक्षेच्या सकाळी शेंगाचटणी, कॉफी, अत्तर काही नको. पेन्सिल आणि खोडरबर घेऊन जा.

टिळकवाडी_मग
आज केलं. बटर ४ थेंब, तीन ग्लास, दहापैकी सहा वेळा बरोबर. वासावरून नाही, जिभेवरून कळलं. पिल्सनरच्या शीटला १७ मिनिटं लागली: "माल्ट मध्यम, ताज्या ब्रेडसारखा. हॉप मंद, ओल्या गवतासारखे. डायसिटिल मंद, बटर पॉपकॉर्न. मक्याचा वास नाही."

शहापूर_पेठ
चांगलं आहे. एस्टरची ओळ राहिली. दोन मिनिटं कुठे गेली ते घड्याळ लावून बघ, बहुतेक चवीत सापडतील. उद्या लवंग.