वैमानिकांनी संघटना करावी का? : गंगापूर रोडवरील आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर झालेली चर्चा

बी-४०२ : सर्वांना नमस्कार. विषय घरचा आहे, तरी येथे मांडते, कारण आपल्या ग्रुपवर डी-विंगचे कॅप्टनसाहेब आहेत आणि ओझरच्या विमान कारखान्यातून निवृत्त झालेले काकाही आहेत. माझा मुलगा एका खासगी विमान कंपनीत फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे. तेथे वैमानिकांची संघटना नाही, पण आता काही जणांनी त्यासाठी सह्या गोळा करायला सुरुवात केली आहे. पगार इतर कंपन्यांच्या तोडीस तोड असताना व्यवस्थापनाच्या डोळ्यांवर कशाला यायचे, असे त्याचे म्हणणे आहे. मला काय सल्ला द्यावा ते कळत नाही.

ए-१०१ : ताई, सही करण्यापूर्वी नीट विचार करायला सांगा. जेट एअरवेजमध्ये वैमानिकांची संघटना होती, तरीही १७ एप्रिल २०१९ रोजी विमाने थांबली आणि थकलेल्या पगारासाठी वैमानिकांना वणवण करावी लागली. शिवाय लाखांत पगार घेणाऱ्यांच्या गाऱ्हाण्यांबद्दल सामान्य माणसाला सहानुभूती वाटत नाही.

डी-५०३ : ताई, पगार तोडीस तोड आहे हे खरे असेल, पण तो तसा का आहे, हे चिरंजीवांनी आधी पाहावे. अमेरिकेत डेल्टाच्या वैमानिकांनी मार्च २०२३ मध्ये चार वर्षांत ३४ टक्के वाढ देणारा करार मंजूर करून घेतला, आणि त्याच वर्षी युनायटेड व अमेरिकन या कंपन्यांनाही त्याच्या जवळपास जावे लागले, कारण कमी दर देणाऱ्याकडे वैमानिक टिकत नाहीत. ज्या कंपनीत संघटना नाही, तिचा दरही असा दुसरीकडे कोणीतरी भांडून मिळवलेल्या करारावरूनच ठरत असतो. मात्र तेथे तो दर दोन्ही बाजूंच्या सह्यांनी बांधलेला असतो, आणि येथे तो व्यवस्थापनाच्या एका पत्रकात असतो, जे उद्या दुसऱ्या पत्रकाने बदलता येते. २०२० मध्ये कोरोनाच्या काळात आपल्याकडच्या कंपन्यांनी पगार कापले, बिनपगारी रजा दिल्या, तेव्हा किती कापायचे आणि पूर्ववत कधी करायचे हे विचारायला ज्यांच्याकडे कोणी नव्हते, त्यांनी फक्त ईमेल वाचले.

दुसरे असे की, तासाचा दर पाहून पगाराची तुलना करणे फसवे आहे. आमचे उड्डाणाचे तास विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी जागेवर थांबेपर्यंत मोजतात. जानेवारीत दिल्लीला धुके असते. त्या पहाटे आम्ही गणवेश चढवून हजर झालेलो असतो, कागदपत्रे तपासलेली असतात, प्रवासी बसलेले असतात, पण दृश्यमानता नाही म्हणून पार्किंग ब्रेक लावलेलाच राहतो. दोन-अडीच तास आम्ही रेडिओ कानाला लावून, प्रवाशांना दर वीस मिनिटांनी सूचना देत बसतो. कामाच्या कमाल मर्यादेत तो वेळ धरला जातो. उड्डाणाच्या तासांत मात्र त्यातले एक मिनिटही येत नाही. अशा वेळेचे पैसे द्यायचे की नाही, स्टँडबायचे (बोलावणे येईल म्हणून तयार राहण्याच्या वेळेचे) किती धरायचे, आदल्या रात्री रोस्टर, म्हणजे कामाचे वेळापत्रक, बदलले तर काय, महिन्याला किमान किती तासांची हमी, या कलमांत पगाराचा खरा अर्थ असतो. एअर इंडियाने एप्रिल २०२३ मध्ये नवी वेतनरचना आणली, तेव्हा सर्वांत मोठा वाद हमीचे तास ७० वरून ४० वर आणण्याचाच होता. पंधराशेहून अधिक वैमानिकांनी सह्या करून रतन टाटांना निवेदन दिले होते.

‘पटत नसेल तर सोडून जा’ हा सल्लाही आम्हाला फारसा लागू पडत नाही. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या २०१७ च्या नियमानुसार कमांडरला (मुख्य वैमानिकाला) एक वर्षाची आणि फर्स्ट ऑफिसरला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते. ज्याला झटकन नोकरी सोडता येत नाही, त्याला आहे तेथेच बोलण्याची सोय हवी, असे माझे ठाम मत आहे.

ए-१०१ : कॅप्टनसाहेब, मुद्दे पटण्यासारखे आहेत, पण संघटना झाली की संप आलाच, आणि भरडला जातो तो प्रवासी.

डी-५०३ : सर, डिसेंबर २०२५ मध्ये ओझर विमानतळावरून जाणारे आपले लोक अडकले, तेव्हा कोणाचाही संप नव्हता. वैमानिकांना साप्ताहिक विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास आणि रात्रीची लँडिंग सहाऐवजी दोन, असे नवे नियम होते. ते जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले, पण लांबणीवर पडले, आणि त्यांच्या अंमलबजावणीसाठी वैमानिकांच्या संघटनांना दिल्ली उच्च न्यायालयात जावे लागले. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाला, तेव्हा इंडिगोकडे त्या प्रमाणात वैमानिकांची आखणी नव्हती आणि हजारो उड्डाणे रद्द झाली. ‘इतक्या माणसांत हे रोस्टर बसणार नाही’ हे लेखी आणि सामूहिकपणे सांगणारे कोणी कंपनीच्या आत असणे प्रवाशाच्याही हिताचे आहे.

सी-२०४ : ताई, मी विमाने उडवली नाहीत, पण ती बांधणाऱ्यांच्या युनियनमध्ये बरीच वर्षे काढली, म्हणून दोन गोष्टी सांगतो. पहिली कायद्याची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. तिच्यानुसार नोंदणीसाठी सात सभासद अर्ज करू शकतात, पण किमान दहा टक्के किंवा शंभर कामगार, यांतील जी संख्या कमी असेल, तितके सभासद लागतात. कंपनीत एकाहून अधिक संघटना असतील, तर ५१ टक्के कामगार जिचे सभासद, ती वाटाघाटीला बसते. संपासाठी १४ दिवस आधी नोटीस द्यावी लागते. वैमानिक हा कायद्याने ‘कामगार’ ठरतो का, यावर पूर्वीपासून न्यायालयांत वाद झाले आहेत, तेव्हा या क्षेत्रातल्या वकिलाशिवाय एक पाऊलही टाकू नये.

दुसरी गोष्ट धीराची. २००९ मध्ये जेटमध्ये संघटना काढणाऱ्या दोघांना कामावरून काढले, म्हणून सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक एकाच वेळी आजारपणाच्या रजेवर गेले आणि काही दिवसांत काढलेल्यांना परत घ्यावे लागले. म्हणजे पुढे उभे राहणाऱ्यांवर पहिला घाव बसतो, हे गृहीत धरूनच निघावे. अमेरिकेत जेटब्लूच्या वैमानिकांनी २०११ मध्ये संघटनेला नकार दिला, २०१४ मध्ये होकार दिला आणि पहिला करार हातात पडला तो २०१८ मध्ये. ओझरच्या आमच्या कारखान्यातही वेतनकरारासाठी ऑक्टोबर २०१९ मध्ये बेमुदत संपापर्यंत जावे लागले होते. सही केली की पुढच्या महिन्यात पगार वाढेल, असे मुलाला कोणी सांगत असेल, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

ए-१०१ च्या मुद्द्याबद्दल एवढेच, की बुडणारी कंपनी संघटना वाचवू शकत नाही. मात्र पगार दोन-दोन महिने लांबू लागला की हिशेब मागण्याची ताकद एकट्या माणसात नसते.

ए-१०१ : हे मान्य आहे. माझा आक्षेप घाईला आहे, संघटनेला नाही. सह्यांच्या त्या पत्रात आर्थिक बाजू कशी मांडली आहे ते मी पाहू शकेन.

बी-४०२ : सर्वांचे मनापासून आभार. मी हे सारे मुलाला पाठवले. त्याचा फोन आला होता. सह्यांच्या पत्रात पहिली मागणी पगारवाढीची आहे आणि विश्रांती व रोस्टरबदल शेवटच्या पानावर आहेत, असे तो म्हणाला. कॅप्टनसाहेबांचे वाचल्यावर तो क्रम उलटा करण्याविषयी सहकाऱ्यांशी बोलणार आहे. रविवारी तो मुंबईहून नाशिकला येतो आहे. काका, आपल्याला आणि कॅप्टनसाहेबांना वेळ असेल, तर तो मसुदा घेऊन आपल्याकडे येईल. ए-१०१ ने सुद्धा जरूर यावे.

सी-२०४ : अकरानंतर केव्हाही पाठवा. मसुद्यासोबत त्याचे नेमणूकपत्रही आणायला सांगा, नोटीस आणि बाँडची कलमे आधी वाचू.