बांधाला बांध असलेली माणसं : अनुभव धागा

१ जुलै, वसंतराव नाईकांचा जन्मदिवस, आपल्याकडे कृषी दिन म्हणून पाळतात. त्या दिवशी बळीराजा, अन्नदाता, जगाचा पोशिंदा हे शब्द इतके उधळले जातात की शेतात राबणारं माणूस त्यात सापडतच नाही. म्हणून हा धागा. तुमच्या शेजारच्या कष्टकऱ्यानं गावासाठी किंवा तुमच्या घरासाठी नेमकं काय केलं, तेवढं लिहा. कविता नकोत. नावंही नकोत, ती माणसं संकोचतील. आणि सातबारा ज्याच्या नावावर तोच शेतकरी असं धरू नका. सालगडी, मेंढपाळ, रोजानं जाणाऱ्या बाया, सगळे आले.

*

मी लातूरकडची. वडिलांचं ऑपरेशन नेमकं पेरणीच्या तोंडावर निघालं. वाफसा, म्हणजे पेरणीजोगी ओल, काही कुणासाठी थांबत नाही. आई दवाखान्यात, आणि मी पुण्याहून पोचले तर आमच्या रानात दोन ट्रॅक्टर आणि कडेच्या तुकड्यात बैलांची तिफण (पेरणीचं औत) चालू. गावानं इर्जिक घातली होती. रीत अशी की माणसं औतं घेऊन येतात आणि ज्याचं काम, त्यानं जेवू घालायचं. आमच्या घरी चूलच पेटलेली नव्हती, तर भाकरीही शेजारच्या काकूंनीच आणली.

त्याआधी सगळे पेरायची घाई करत होते तेव्हा काकूंच्या यजमानांनी, आबांनी, मातीत बोटं खुपसून 'ओल अजून टीचभरही नाही' म्हणत लोकांना थांबवलं होतं. ७५ ते १०० मिमी पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नका, असं कृषी खातंही सांगतं, पण आमच्या गावात आबांचं बोट जास्त चालतं.

काकू चाड्यावर, म्हणजे तिफणीत बी सोडायच्या वाटीवर, होत्या. ओटीत बी, एक हात चाड्यावर, चाल बैलांच्या चालीला जुळलेली. दाणा असा सुटत होता की कुठं दाटी नाही, कुठं खंड नाही. मागं मोघणावर, म्हणजे तिफणीमागं बांधलेल्या वेगळ्या नळीवर, दुसऱ्या एक मावशी तूर सोडत होत्या. मीही थोडा वेळ चाडं धरून पाहिलं. काकूंनी काही न बोलता माझ्या हातातून बी काढून घेतलं.

पैशाचं विचारलं तेव्हा आबा म्हणाले, 'तुझ्या बापानं माझी ज्वारी काढू लागली तेव्हा मला बिल दिलं होतं का?'

*

सगळे गोडच लिहिणार का? आमचा शेजारी दरवर्षी नांगरटीला बांधाला फाळ लावतो. मोजणी झाली, हद्दीचे दगड रोवले. दगडांना पाय फुटतात बहुतेक. पण विहिरीत मोटार अडकू दे, गाय अडू दे, अपरात्री कुणाला पान लागू दे, म्हणजे साप चावू दे, पहिली जीप त्याचीच सुरू होते. माझ्या चुलत्याला पायाला डसलं तेव्हा मांत्रिकाकडे न्या म्हणणाऱ्यांना शिव्या घालत यानं गाडी थेट ग्रामीण रुग्णालयात नेली. वेळेत प्रतिविष मिळालं. चुलते आता ठणठणीत आहेत आणि त्याच बांधावरून त्याच्याशी भांडतात.

*

आम्ही नागभीडकडचे, चंद्रपूर जिल्हा. दादाजी खोब्रागडे यांचं नांदेड हे गाव आमच्याच तालुक्यातलं. १९८३ च्या सुमारास बांधीत (धानाच्या खाचरात) वेगळ्या दिसलेल्या लोंब्या त्यांनी बाजूला काढल्या आणि वर्षानुवर्षं निवडत एचएमटी हे धानाचं वाण केलं. तेव्हा जोरात चालणाऱ्या घड्याळावरून ते नाव पडलं. तांदूळ कुठल्या कुठं पोचला, दादाजींची ओढाताण मात्र संपली नाही. २०१८ मध्ये ते गेले.

पण मला लिहायचंय ते आमच्या तलावावरच्या म्हाताऱ्याबद्दल. जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या, काळातला माजी मालगुजारी तलाव, म्हणून मामा तलाव. रोवणा (धानाची लावणी) झाल्यावर पाऊस दडी मारतो, तेव्हा सगळ्यांची नजर त्या पाण्यावर असते आणि भावाभावांत काठ्या निघतात. पाळी हा ठरवायचा. शेपटाकडच्या बांध्या आधी, तलावाजवळच्या नंतर. त्याची स्वतःची बांधी तलावाला लागून, म्हणजे नंबर सगळ्यांत शेवटी. रात्री कंदील घेऊन कुणी धुरा (बांध) फोडला का बघत फिरायचा. पगार नाही. चुरणं (मळणी) झाल्यावर घरोघरचं पायलीभर धान, तेही कुणी आणून दिलं तर. मोठमोठ्या पाणीवाटप संस्थांना जमत नाही ते हा माणूस एका कंदिलावर करायचा, असं माझं मत आहे.

*

मी १९७२ चा दुष्काळ शाळकरी वयात पाहिला, सोलापूर जिल्ह्यात. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. घरात तांबड्या मिलोची, म्हणजे परदेशातून आलेल्या ज्वारीची, भाकरी, आणि कामावर सुकडी मिळायची. वस्तीत एकच विहीर पाणी धरून होती. मालकानं आपला ऊस वाळू दिला आणि विहीर सगळ्यांना मोकळी ठेवली. जात विचारली नाही. त्या काळात हे किती मोठं होतं ते आम्हा महारवाड्यातल्या पोरांना विचारा.

*

देशी बियाणं जपणाऱ्या, कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना २०२० ची पद्मश्री मिळाली आणि शहरात देशी बियाण्याची चर्चा सुरू झाली. आमच्या चुलत सासूबाई वर्षानुवर्षं तेच करतायत, फक्त आमच्या वाडीपुरतं. चांगल्या भरलेल्या शेंगा हेरून त्यांना चिंधी बांधतात, म्हणजे कुणी भाजीला तोडू नयेत. वेलावरच वाळल्या की दाणे राखेत घोळून गाडग्यात, वर शेणामातीचं लिंपण. मूठभर न्यायचं, पुढच्या हंगामात दोन मुठी आणून द्यायच्या. नाही दिलं तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा मोठ्यानं विचारतात, गय नाही. गेल्या पावसाळ्यात उंदरांनी एक गाडगं फोडलं आणि काळा घेवडा पार संपला. इथं कुणाकडं चपट्या दाण्याचा, मांडवावर चढणारा असेल तर कळवा. दोन मुठींच्या बोलीवर नेईन.