आळत्याला दहा दिवस बसून आलोय, आता समुपदेशनात विपश्यना आणता येईल का?

कागलकर
शिवाजी विद्यापीठातून एम.ए. मानसशास्त्र झालं. दिवाळीनंतर आळत्याच्या धम्मालय केंद्रात विपश्यनेचं शिबिर केलं, म्हणजे श्वास आणि अंगातल्या संवेदना नुसत्या बघत बसायचं. अधिष्ठानाच्या तासाला हलायचं नाही, गुडघा नुसता पेटलेला. सहाव्या दिवशी गुडघ्याचं दुखणं आणि माझी चिडचिड वेगवेगळी दिसली. हेच लोकांना द्यावं वाटतंय. आण्णा म्हणतात, "ध्यान शिकवून घर चालतंय व्हय?"

राजारामपुरीची ताई
आण्णांचं चुकत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून पाटी लावायची तर भारतीय पुनर्वास परिषदेच्या मान्यतेचा कोर्स आणि नोंदणी लागते. ते आधी.

मी नोंदणी आणि ध्यान, दोन्ही वाटांनी आले. सुरुवातीला लई उत्साह. पॅनिक अटॅक येणारे एक गुऱ्हाळवाले दादा (ओळख लागू नये म्हणून धंदा बदललाय) आले, त्यांना पहिल्याच भेटीत डोळे मिटून श्वास बघायला बसवलं. दोन मिनिटांत उठले, कपाळावर घाम. "मॅडम, बघायला लागलो की श्वास थांबतोय असं वाटतंय." ज्याची भीती, तेच मी पुढ्यात ठेवलं होतं! पुढच्या वेळी चपला काढून तळपाय फरशीवर, डोळे उघडे. फरशी गार लागते का, एवढंच विचारलं. श्वासाकडे यायला महिना गेला.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ साली अमेरिकेत ध्यानावर आधारलेला कार्यक्रम सुरू केला, तो जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी. पुढे त्याच धर्तीवर सेगल, विल्यम्स, टीसडेल यांनी नैराश्य परत उलटू नये म्हणून उपचार बांधला. हे नीट वाच.

माझ्या बसण्याचा खरा उपयोग मलाच झाला. समोरचा रडायला लागला की माझा हात लगेच टिश्यूच्या डब्याकडे जायचा. आता थांबतो.

जुना साधक
पण ताई, ही विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींच्या परंपरेत शिबिराला फी नाही, सगळं दानावर. तुम्ही पैसे घेणार?

राजारामपुरीची ताई
फी माझ्या तासाची. विपश्यना मी शिकवतच नाही, ज्याला हवी त्याने आळत्याला किंवा इगतपुरीला जावं. तिथल्या फॉर्मवर मानसिक आजार आणि औषधांचं विचारतात, ते लपवू नये. आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करून तर कुणीच जाऊ नये, हात जोडते.

कागलकर
आण्णांना सगळं वाचून दाखवलं. गुऱ्हाळवाल्याचं दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "पाटीला किती वर्षं लागतील ते विचार त्या बाईस्नी."