स्पाइक मिलिगनवर २० मिनिटं बोलायचंय, काय घ्यावं, काय सोडावं?

गिरणाकाठ, चाळीसगाव
वाचनालयात विनोदी लेखक-नट स्पाइक मिलिगनवर बोलायचंय. ट्रम्पेट, रेडिओ, नाटक-सिनेमा, पोरांच्या कविता, युद्धाच्या आठवणी... २० मिनिटांत बसवू कसं? आयरिश म्हणायचं का? शेवटी अहिराणीत ३ मिनिटांचं रेडिओ-सोंग करणार आहे.

तापीकर
आयरिशच म्हणा, पण कारण सांगा. जन्म १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. वडील आयरिश, ब्रिटिश फौजेत, आई इंग्रज. बालपण पुणे आणि रंगूनला. पुढे ब्रिटिश पासपोर्टसाठी राजनिष्ठेची शपथ मागितली, ती नाकारून त्यानं वडिलांच्या नात्यानं आयरिश नागरिकत्व घेतलं. म्हणून २००१ची नाइटहूड मानद. पोस्टरवर 'सर' छापू नका, कुणीतरी उठून विचारेलच.

रेडिओवेडा, धुळे
भाऊ, कामांची यादी वाचू नका. पाचव्या नावाला लोक घड्याळ बघतात. १० मिनिटं 'गून शो' या त्याच्या विनोदी रेडिओ कार्यक्रमाला द्या: बीबीसी, १९५१ ते १९६०, दोनशेहून जास्त भाग, बहुतेक लेखन त्याचंच. सोबत विनोदी नट पीटर सेलर्स आणि हॅरी सीकम. त्याआधी ४ मिनिटं जॅझ आणि युद्ध. १९४४मध्ये इटलीत जखमी झाल्यावर तो सैनिकांसाठी गिटार वाजवत करमणुकीचे कार्यक्रम करू लागला. तिथून रेडिओ गाठणं सोपं जातं. पुस्तकं ३ मिनिटांत उरका.

१९५२च्या अखेरीस तो मानसिक आजारानं कोसळला, हे सांगा. पण 'हसवणारा आतून रडतो' छापाचं वाक्य नको. आजार होताच, वर दर आठवड्याला नवी संहिता.

भुसावळ_लोकल
सोंगासाठी घोड्याला दोन करवंट्या, पावसाला सुपात पाव किलो ज्वारी, गडगडाटाला पातळ पत्रा. सूप माइकपासून दोन हात लांब धरा, नाहीतर पावसाऐवजी गिरणी ऐकू येते. पत्रा एका टोकाला धरून हलवा. ठोकला तर डबा वाजतो. मुख्य म्हणजे आवाज वाक्याच्या आधी. पात्र 'घोडा आला' म्हणाल्यावर करवंट्या वाजल्या तर हशा गेलाच.

आवाजासाठी मोज्यात कस्टर्ड भरून आपटायचा मिलिगनचा प्रयोग प्रसिद्ध आहे. म्हणतात, हवा तसा आवाज काही आला नाही. तुम्ही पिठलं भरणार असाल तर सैलसर करा आणि माइकवर प्लास्टिक बांधा.

तापीकर
शेवट त्याच्या थडग्यावरच्या ओळीनं करा. 'आजारी आहे म्हटलं होतं ना' हे इंग्रजीत कोरायला चर्चनं नकार दिला, मग ते आयरिशमध्ये कोरलं. अहिराणीत: 'मी तुले सांगेल व्हतं ना, मी बिमार शे!' 'ना'नंतर एक श्वास थांबा.

गिरणाकाठ
थांबतो. पिठल्याचं वाचनालयाला आधी विचारतो.